पाणी वर चढवणार कधी आणि कोणत्या विजेवर? वीज नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वीज यंत्रणेचे आराखडे करणारे, साठवणुकीचे नियम लिहिणारे आणि उदंचन प्रकल्पांना मंजुरी देणारे सर्व संबंधित

महोदय, महोदया,

उदंचन जलविद्युत प्रकल्पाची घोषणा होते तेव्हा बातमीत एकच आकडा ठळक असतो, मेगावॉटचा. हजार, दोन हजार, साडेतीन हजार. वाचणाऱ्याचा समज होतो की तेवढी वीज आता नव्याने तयार होणार. वाचणाऱ्याचं सोडा, पण तुमच्या आराखड्यांतही हा आकडा पुष्कळदा औष्णिक, पवन आणि सौर यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि खाली सगळ्यांची मिळून बेरीज होते. हे पत्र त्या बेरजेबद्दल आहे.

उदंचन प्रकल्प वीज तयार करत नाही, खातो. वीज जादा असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचं, एवढंच त्याचं काम. शंभर युनिट खर्चून पाणी चढवलं तर परत हातात साधारण पंचाहत्तर ते ऐंशी पडतात, उरलेले वाटेत जातात. हे काम फार मोलाचं आहे, पण ते कोठाराचं काम आहे. कोठारं किती बांधली यावरून पीक किती आलं हे कोणी सांगत नाही. विजेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो आहोत.

मी उदंचनाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. सौर आणि पवन विजेवर यंत्रणा चालवायची असेल तर काही तासांची मोठी साठवण लागणार, आणि जगाने ती अनेक दशकं ज्या मार्गाने मोठ्या प्रमाणावर करून दाखवली तो हाच. स्वित्झर्लंड आणि इटलीत 1890 च्या दशकात याची सुरुवात झाली. 2023 अखेर जगभरची उदंचन क्षमता 180 गिगावॉटच्या, म्हणजे 1,80,000 मेगावॉटच्या घरात होती. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातलं बाथ काउंटी केंद्र 1985 पासून सुमारे 3,000 मेगावॉटने चालतं आहे. चीनच्या हबेई प्रांतातल्या फेंगनिंगने 3,600 मेगावॉट गाठून त्याला मागे टाकलं. स्कॉटलंडचं क्रुआखन 1965 मधलं, वेल्सचं फेस्टिनिऑग 1963 मधलं, आणि दोन्ही अजून कामावर आहेत. इतकी वर्षं टिकलेलं तंत्र चुकीच्या हिशेबामुळे बदनाम होऊ नये, एवढाच माझा स्वार्थ.

आता हिशेबच मांडतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी खालच्या जलाशयापासून 367 मीटर उंचीवर असेल तर त्यात एक युनिट ऊर्जा असते. बोगद्यातलं घर्षण आणि यंत्रातली घट धरली तर ते एक युनिट प्रत्यक्ष तारेत यायला 400 मीटरच्या आसपास उंची लागते. म्हणजे 400 मीटर उंचीच्या जागेसाठी सरळ सूत्र मिळालं: एक घनमीटर पाणी, एक युनिट वीज. 1,000 मेगावॉटचा प्रकल्प आठ तास चालवायचा तर 80 लाख युनिट हवेत, म्हणजे वर 80 लाख घनमीटर पाणी हवं. जलाशयाची पातळी रोज 20 मीटर वरखाली करता येत असेल तर त्यासाठी 40 हेक्टरचं तळं लागेल. टर्बाइनमधून सेकंदाला सुमारे 280 घनमीटर पाणी जाईल. उंची निम्मी असेल तर पाणी दुप्पट, तळं दुप्पट, बोगदेही जाडजूड. हे सगळं पाचवी-सातवीच्या गणितात बसतं, तरी घोषणेत उंची नसते, पाणी नसतं आणि तासही नसतात. नुसता मेगावॉटचा आकडा कोठाराच्या दाराची रुंदी सांगतो. आत किती माल आहे ते तासांवरून कळतं.

तास सांगितले तरी हिशेब पुरा होत नाही. खरी मेख पुढे आहे.

वरच्याच प्रकल्पाचं उदाहरण चालवू. संध्याकाळी आठ तास 1,000 मेगावॉट द्यायचे, म्हणजे 80 लाख युनिट. 80 टक्के कार्यक्षमता धरू. ही प्रकल्पाला दिलेली सवलतच आहे. तर पाणी चढवायला 1 कोटी युनिट हवेत. पंपांची ताकदही 1,000 मेगावॉट असेल तर ते पुरे दहा तास चालले पाहिजेत. सौर वीज खरोखर जादा असते ती सकाळी दहा ते दुपारी चार, फार तर सहा तास, आणि तेही आभाळ स्वच्छ असेल तर. सहा तासांत खर्च होतात 60 लाख युनिट. परत मिळतात 48 लाख. म्हणजे कागदावर आठ तासांचा प्रकल्प नुसत्या उन्हावर चालवला तर रोज पाच तासांच्या आत आटोपतो.

उरलेले तीन तास कुठून येतात? रात्रीच्या पंपिंगमधून. रात्री वारा भरपूर असेल तर उत्तमच, कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. पण रात्री ग्रिडमध्ये मुख्यतः कोळशाची वीज असेल तर कोळशाने पाणी चढवून सकाळी त्याला हरित म्हणायचं, असा प्रकार होतो. शिवाय अशा विजेच्या परत मिळणाऱ्या प्रत्येक युनिटमागे सव्वा युनिटाचा कोळसा जळालेला असतो. ती वीज साठवलीच नसती तर कमी धूर झाला असता. वरचा जलाशय कोणत्या विजेने भरला हे पाण्याकडे पाहून कळत नाही. ते नोंदींतूनच कळतं, आणि त्या नोंदी लोकांसमोर क्वचितच येतात.

यात प्रकल्प उभारणाऱ्यांची लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. उदंचनाची बहुतेक जुनी केंद्रं मुळात याच कामासाठी बांधली गेली. अणुभट्ट्या आणि कोळशाचे मोठे संच रात्री बंद करता येत नाहीत, मग त्यांची रात्रीची वीज पाण्यावर उचलून ठेवायची आणि दिवसाच्या गर्दीला वापरायची, हा पन्नास वर्षांचा रिवाज. सूर्याने हे वेळापत्रक उलटं केलं. आता दुपारी चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं आहे. यंत्रं तीच असली तरी प्रकल्पाचं माप बदलायला हवं: पंपांची ताकद टर्बाइनपेक्षा जास्त ठेवायची का, जलाशय केवढा, किती संच, हे सगळं दुपारच्या सहा तासांवरून ठरवायला हवं. सविस्तर प्रकल्प अहवालात मात्र अजूनही पंपिंगचे तास एका ओळीत उरकलेले असतात.

यंत्राच्या पोटात थोडं शिरायला हवं, कारण नियम लिहिताना नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. बहुतेक ठिकाणी पंप आणि टर्बाइन वेगवेगळे नसतात. एकच चक्र एका दिशेने फिरलं की टर्बाइन, उलट फिरलं की पंप. त्याच दांड्यावरचं विद्युतयंत्र कधी जनित्र, कधी मोटर. हे वीजगृह डोंगराच्या आत, खालच्या जलाशयाच्या पातळीपेक्षाही बऱ्याच खाली खोदतात. हौस म्हणून नव्हे. पंपाच्या तोंडाशी पाण्याचा पुरेसा दाब नसेल तर पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना पोलादावर आघात करतात आणि काही काळाने चक्राच्या पात्यांना खड्डे पडतात. पंप सुरू करणं हाही सोपा मामला नाही. स्थिर चक्राभोवती पाणी असेल तर त्याला वेग देणं जड जातं, म्हणून आधी दाबाच्या हवेने चक्राभोवतीचं पाणी खाली ढकलतात, चक्र हवेत फिरवून पूर्ण वेगाला आणतात, ग्रिडशी जुळवतात, मग हवा सोडून पाणी आत घेतात आणि झडपा उघडतात. या सगळ्याला काही मिनिटं लागतात. दिवसातून एकदा करायचं असेल तर ठीक. ढग आला की बंद, गेला की चालू, असं करायला लागलं तर यंत्र लवकर झिजतं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. नेहमीच्या स्थिर वेगाच्या यंत्राला पंप म्हणून चालताना कमी-जास्त होता येत नाही. 250 मेगावॉटचा पंप 250 घेतो किंवा काहीच घेत नाही. दुपारी जादा वीज 180 मेगावॉट असेल तर बाकीचे 70 कुठून तरी आणावे लागतात किंवा पंप बंद ठेवावा लागतो. वेग बदलता येणारी यंत्रं यावर उपाय आहेत. जर्मनीतल्या गोल्डिस्टाल केंद्रात चारपैकी दोन संच तसे आहेत, फेंगनिंगमध्ये बारापैकी दोन. ऑस्ट्रियातल्या कोप्सवेर्क-2 मध्ये वेगळीच युक्ती आहे: पंप आणि टर्बाइन एकाच दांड्यावर पण वेगवेगळे, त्यामुळे पंप पूर्ण ताकदीने चालू ठेवून टर्बाइनने त्यातला काही भाग परत द्यायचा, म्हणजे ग्रिडकडून हवी तेवढीच वीज घेता येते. ही यंत्रं महाग पडतात हे खरं. पण निविदेत फक्त दर मेगावॉट खर्च पाहिला जाणार असेल तर ती कोण बसवणार? ज्याला सौर विजेसोबत चालायचं आहे त्या यंत्राची निविदा तुम्ही कोळशाच्या काळातल्या निकषांवर काढत आहात.

मेगावॉटच्या बेरजेने काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर भारतातलं आहे. बरीच वर्षं देशाची उदंचन क्षमता 4,745.6 मेगावॉट सांगितली जायची. त्यात पाणी खरोखर वर चढवणारी केंद्रं 3,305.6 मेगावॉटची: नागार्जुनसागर, श्रीशैलम, पुरुलिया, कदंपरई, घाटघर आणि भिरा. उरलेले 1,440 मेगावॉट म्हणजे गुजरातेतली सरदार सरोवर आणि कडाणा ही दोन केंद्रं. कडाण्यात यंत्रांच्या कंपनाचा प्रश्न होता. सरदार सरोवरात 1,200 मेगावॉटची उलटसुलट चालणारी यंत्रं बसलेली होती, पण टर्बाइनमधून खाली गेलेलं पाणी अडवून धरणारा खालचा बंधारा वेळेत झाला नाही. पंप आहे, वीज आहे, वरती धरण आहे, आणि उपसायला खाली पाणी नाही. तक्त्यात मात्र आकडा जागेवर होता. बंधाऱ्याविना केंद्र नेहमीच्या जलविद्युत केंद्रासारखं चालत राहिलं, वीज देत राहिलं, त्यामुळे कुणाला घाईही नव्हती. साठवणुकीला निर्मितीच्या रकान्यात टाकलं की असं होतं: निर्मिती झाली की काम झालं.

घाटघरचं एवढ्यासाठी सांगावंसं वाटतं की तिथे गोष्ट सरळ आहे. सह्याद्रीच्या कड्यावर एक जलाशय, कड्याच्या पायथ्याला दुसरा, मध्ये डोंगराच्या पोटात 250 मेगावॉटचं वीजगृह. दोन्ही जलाशय असल्याशिवाय उदंचन नाही, ही साधी अट तिथे पाळली गेली.

बॅटऱ्यांविषयी बोलायलाच हवं, कारण तुमच्या बैठकांत हल्ली अर्धा वेळ त्यावर जातो. माझं मत सरळ आहे. दोन ते चार तासांच्या साठवणुकीसाठी डोंगर पोखरू नका. ते काम लिथियमच्या बॅटऱ्या करतात, सौर प्रकल्पाच्या कुंपणातच करतात, आणि उभ्या राहायला महिने लागतात, वर्षं नाहीत. उदंचनाची बाजू भक्कम होते ती आठ, दहा, बारा तासांना. कारण यंत्रं आणि बोगदे यांचा खर्च एकदा झाला की जास्तीचा तास म्हणजे फक्त थोडं मोठं तळं. बॅटरीत दुप्पट तासांना जवळपास दुप्पट बॅटऱ्या लागतात. म्हणून चार-पाच तासांचे उदंचन प्रकल्प मंजुरीला येतात तेव्हा मला ते कळत नाही. डोंगर फोडायचाच, तर त्याची मोठी जमेची बाजू सोडून का फोडायचा? आणि उलट बाजूही ऐका: आठवडाभर ढगाळ हवा किंवा पावसाळाभर मंद ऊन, यावर दहा तासांचं उदंचन हा इलाज नाही. तसं वचन कुणी देत असेल तर त्याला घनमीटरचा हिशेब मागा.

स्पेनच्या ताब्यातलं एल इएरो बेट इथे आठवतं. ज्वालामुखीच्या जुन्या विवरात वरचा जलाशय, शेजारी पवनचक्क्या, आणि 2014 पासून पाणी-वाऱ्याची जोडी. 2019 च्या उन्हाळ्यात हे बेट सलग 24 दिवस डिझेलशिवाय चाललं. जगभर बातम्या झाल्या. पण वर्षभराचा हिशेब केला तर निम्म्याच्या आसपास वीज अक्षय स्रोतांतून येते, कारण खालचा जलाशय वरच्यापेक्षा बराच लहान आहे आणि साठवण नेहमी दोन्हींतल्या लहान भांड्याएवढीच होते. वारा पडला की डिझेल चालू. मला हे अपयश वाटत नाही. एवढ्या लहान बेटाने आपल्या मर्यादा आकड्यांत जगापुढे मांडल्या, यात उलट शिकण्यासारखं आहे.

पैशांचा मुद्दा थोडक्यात, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. 80 टक्के कार्यक्षमतेच्या प्रकल्पाला नुसती विजेची खरेदी भरून काढायलाच विक्रीचा भाव खरेदीच्या सव्वापट लागतो. कर्ज आणि देखभाल वेगळी. मध्य युरोपात 2010 नंतरच्या दशकात विचित्र गोष्ट घडली. सौर पॅनेल इतकी वाढली की दुपारचे महागडे भाव पडले, आणि याच दुपारच्या भावावर जगणाऱ्या उदंचन केंद्रांची कमाई आटली. साठवणुकीची गरज वाढत असताना साठवणारेच तोट्यात. याचं एक कारण असं की त्यांना भावातल्या फरकाचेच पैसे मिळतात, बाकीच्या कामाचे नाहीत किंवा अपुरे मिळतात. वेल्समधल्या डिनॉर्विग केंद्राची यंत्रं हवेत फिरत तयार ठेवलेली असली तर ते शून्यावरून 1,320 मेगावॉटवर सुमारे 12 सेकंदांत पोहोचतं. एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर ग्रिडची वारंवारता, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या, सावरायला याचा उपयोग होतो. बाकी वेळ ते नुसतं तयार उभं असतं. त्या तयारीची किंमत कुठे धरली आहे? जड फिरतं यंत्र ग्रिडला जो ठहराव देतं त्याची? सगळा अंधार झाल्यावर बाहेरून वीज न घेता सुरू होण्याची? शिवाय अनेक ठिकाणच्या नियमांत हेच केंद्र पाणी चढवताना ग्राहक आणि सोडताना उत्पादक ठरतं, आणि वीज वाहून नेण्याचं शुल्क दोन्ही बाजूंनी लागू होण्याची भीती राहते. साठवण हा तिसरा प्रकार आहे. नियमात त्याला स्वतःचा रकाना द्या, म्हणजे निम्मे वाद मिटतील.

जागेचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2019 मध्ये उपग्रहांच्या नकाशांवरून जगभर नदीपासून दूर अशा 6,16,000 संभाव्य जागा शोधल्या. त्यांची एकूण साठवण सुमारे 2 कोटी 30 लाख गिगावॉट-तास (एक गिगावॉट-तास म्हणजे दहा लाख युनिट). हा आकडा गरजेच्या कितीतरी पट आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांना तो फार आवडतो असं दिसतं. पण त्याचा खरा अर्थ माझ्या मते उलटा घ्यायला हवा. संशोधकांनी स्वतः सांगितलं आहे की हा नकाशावरचा शोध आहे. खडक कसा, जमीन कुणाची, जंगल कोणतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही. जागा इतक्या असतील तर त्यातली एखादी नाकारल्याने काही बिघडत नाही. 'याच डोंगरावर हवा, दुसरी जागाच नाही' हा युक्तिवाद या नकाशाने संपवला आहे. पर्याय भरपूर आहेत, तर निवडखोर व्हा.

डोंगरमाथ्यावरची सपाट जागा नकाशावर रिकामी दिसते. प्रत्यक्षात डोंगरात सपाटी दुर्मीळ असते, म्हणून तिथेच शेती असते, चराई असते, झऱ्यांचं पाणी मुरतं, आणि इतरत्र न सापडणारी झाडंझुडपं उगवतात. वरचा जलाशय नेमका तिथेच बसतो. 40 हेक्टर म्हणजे फार नाही असं कार्यालयात वाटू शकतं. त्या माथ्यावर कदाचित तेवढीच सपाटी असते. त्यात रस्ते, बोगद्यांतून निघालेल्या दगडमातीचे ढीग, पारेषणाचे मनोरे आणि त्यांचा पट्टा धरा. आणि एकाच डोंगररांगेत पाच-सहा प्रकल्प येत असतील तर प्रत्येकाचा अहवाल वेगळा, परिणाम वेगळे, असं समजणं म्हणजे आंधळेपणाच. ती रांग एक आहे, तिचं पाणी एक आहे. मूल्यमापनही एकत्रच झालं पाहिजे. जनसुनावणीच्या आधी अहवाल तिथल्या लोकांच्या भाषेत हातात हवा, आणि त्यात घनमीटर, तास आणि हेक्टर पहिल्या पानावर हवेत.

'तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं जातं, म्हणून पाणी लागत नाही' असंही सांगितलं जातं. अर्धं खरं. पहिली भरणी कुठूनतरी करावी लागते, आणि पुढे बाष्पीभवन आणि गळती दरवर्षी भरून काढावी लागते, ती नेमकी उन्हाळ्यात. खालचा जलाशय एखादं नैसर्गिक सरोवर असेल तर निराळे प्रश्न. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठी 1973 पासून चालणाऱ्या लडिंग्टन केंद्रात उपशासोबत मासे ओढले जाऊन मरू लागले. कज्जे झाले, आणि शेवटी दर हंगामात सुमारे चार किलोमीटर लांबीचं जाळं लावण्याची वेळ आली. समुद्राचं पाणी वापरावं ही कल्पनाही करून झाली आहे: जपानच्या ओकिनावा बेटावर 1999 मध्ये 30 मेगावॉटचं तसं केंद्र सुरू झालं, 2016 मध्ये बंद झालं.

म्हणून आधी जुन्या जागा पाहा. डिनॉर्विग पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीच्या डोंगरात आहे. ऑस्ट्रेलियात किडस्टनला सोन्याच्या खाणीचे दोन मोठे खड्डे जलाशय म्हणून वापरून 250 मेगावॉट, आठ तासांचा प्रकल्प उभा राहतो आहे. आधीच बुडालेल्या, उकरलेल्या जमिनीवरून कुणाला नव्याने उठवायची गरज नसते. पण यालाही स्वस्त आणि झटपट समजू नका. स्वित्झर्लंडचा नां द द्रांस प्रकल्प आधीपासून असलेल्या दोन तलावांमध्ये आहे, तरी 900 मेगावॉटसाठी 14 वर्षं लागली आणि तो 2022 मध्ये सुरू झाला. ऑस्ट्रेलियातल्या स्नोई 2.0 लाही दोन्ही जलाशय आयते मिळाले होते. 2017 मध्ये तत्कालीन पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी तो जाहीर केला तेव्हा खर्च 2 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितला गेला. 2023 मध्ये अंदाज 12 अब्जांवर गेला. दरम्यान 'फ्लॉरेन्स' नावाचं बोगदा खोदणारं यंत्र 2022 मध्ये मऊ जमिनीत अडकून कितीतरी महिने जागचं हललं नव्हतं. तो प्रकल्प पुरा झाल्यावर 350 गिगावॉट-तास साठवेल, म्हणजे पूर्ण ताकदीने जवळपास आठवडाभर. असं दुसरं काही सहज मिळत नाही. तरी डोंगराच्या आत काय आहे हे न पाहता खर्च जाहीर करू नये, एवढं त्यातून घेता येईल. भूगर्भाचा तपास घोषणेच्या आधी, मागून नव्हे.

सुरक्षेबाबत एकच घटना सांगतो. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या टॉम सॉक केंद्राचा वरचा जलाशय डोंगराच्या टोकावर होता. त्यात ओढ्या-नाल्याचं पाणी येतच नव्हतं, येईल ते पंपानेच. म्हणून जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा ठेवला नव्हता. पातळी मोजणारी उपकरणं ज्या नळ्यांत होती त्या नळ्या जागच्या सुटल्या आणि उपकरणं खऱ्यापेक्षा कमी पातळी दाखवू लागली. ती बिघडली आहेत हे आधी लक्षात आलेलं होतं, तरी पंपिंग चालू राहिलं. 14 डिसेंबर 2005 च्या पहाटे पाणी काठावरून वाहिलं, बांध फुटला आणि अर्ध्या तासाच्या आत जलाशय रिकामा झाला. खालच्या उद्यानातल्या अधीक्षकाचं पाच जणांचं कुटुंब लोंढ्यात सापडलं. सगळे वाचले, हे नशीब. उन्हाळ्यातली सुटीची वेळ असती तर तिथे तंबूंची गर्दी असती. 2010 मध्ये जलाशय पुन्हा बांधला तेव्हा त्याला सांडवा होता. साठवण रोज भरणार-रिकामी होणार, तर तिच्या पातळीची नोंदही धरणासारखी स्वतंत्र यंत्रणेकडे गेली पाहिजे. ज्याचा पंप त्याचीच मोजपट्टी, हे चालू नये.

आता नेमकं मागणं. उदंचन प्रकल्प मंजूर करताना मेगावॉटसोबत साठवण युनिटमध्ये जाहीर करा, आणि ती किती तासांत, कोणत्या वेळेला, कोणत्या विजेने भरणार याचा बारा महिन्यांचा हिशेब अहवालात मागा. स्थापित निर्मिती क्षमतेच्या बेरजेतून ही केंद्रं बाहेर काढून वेगळ्या रकान्यात ठेवा. दोन्ही जलाशय आणि पंपिंग सुरू झाल्याशिवाय प्रकल्पाला 'कार्यान्वित' म्हणू नका. निविदेत बदलत्या वेगाला आणि जादा तासांना किंमत द्या.

यातलं काही व्हायला नियम बदलावे लागतील, त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र या महिन्यात करता येते. आज चालू असलेल्या प्रत्येक उदंचन केंद्राने कोणत्या तासाला किती वीज घेतली आणि कोणत्या तासाला किती दिली, हे ग्रिडमधली मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भारप्रेषण केंद्रांकडे रोज नोंदलं जातं. त्या तासाला ग्रिडमध्ये कोणती वीज किती होती, तेही तिथेच असतं. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून रोज संकेतस्थळावर टाका. मागच्या वर्षीचे आधी टाकले तरी चालतील.

आपला,
एक वीजग्राहक